ट्रकला दिवस, स्कूटीला तास

जुनी गाडी पुन्हा उभी करायचा नाद ज्याला लागतो, त्याच्या घरात एक वाद कायमचा मुक्कामाला येतो. "घरच्या चार गाड्या रडतायत आणि हा त्या खटाऱ्याला ग्रीस चोपडतोय!" घर पुण्यात असो, नाशकात असो नाहीतर आमच्यासारखं पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला असो, वाक्य तेच. या वादात दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर असतात आणि म्हणूनच तो मिटत नाही. माझं मत असं की हा वाद प्रेमाचा किंवा प्राधान्याचा नाहीच. तो वेळेच्या मापाचा आहे. घरच्या गाड्यांना तास लागतात, ट्रकला दिवस लागतो. ही दोन मापं एकाच वीकांतात कोंबायला गेलं की दोन्ही कामं वाया जातात.

तर आधी परिस्थिती सांगतो. अंगणात बाबांची स्प्लेंडर, आईची स्कूटी (गाडी ॲक्टिव्हा आहे, पण घरात सगळ्या गिअर नसलेल्या गाड्यांना स्कूटीच म्हणतात), आजोबांची चेतक आणि काकांचा छोटा हत्ती. आणि मागच्या बाजूला, पत्र्याखाली, टाटा-मर्सिडीजचा नाकवाला ट्रक. साठच्या दशकातला. भात, पेंढा आणि गणपतीच्या दिवसांत पेणच्या मूर्ती वाहून ज्यानं आमच्या दोन पिढ्या जगवल्या, तो हा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९५४ साली टेल्कोनं डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि त्या जागी टाटांचं स्वतःचं चिन्ह आलं. आपल्याकडे त्याआधीपासून दुसरं घराणं होतंच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना, जिथून डॉज आणि फार्गो ट्रक निघायचे. म्हणजे कोकणातला माल खऱ्या अर्थानं वाहिला तो या मंडळींनी. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ साली. तोवर ट्रक, एसटी आणि बंदरातली लाँच, एवढाच काय तो आधार.

आता हिशेब करू. नोकरी नवी मुंबईत, त्यामुळे हातात फक्त शनिवार-रविवार. वर्षाचे वीकांत ५२. पावसाचे चार महिने, म्हणजे साधारण १७, ट्रकच्या कामातून बाद. आमच्याकडचा पाऊस पत्र्याखाली आडवा येतो आणि उघडं इंजिन तशा हवेत ठेवणं म्हणजे गंजाला जेवायला बोलावणं. हापिसातली रिलीज आणि ऑन-कॉल यांचे १०. लग्नं, शिमगा, दिवाळी आणि नातेवाईक यांचे ८. उरले १७. या सतरांत ट्रक आणि चार गाड्या. हा आकडा एकदा कागदावर लिहून भिंतीला लावला की अर्धी भांडणं आपोआप संपतात, असा माझा अनुभव आहे. कारण मग "तुला वेळ नाही" हे वाक्य कुणी टोमणा म्हणून बोलत नाही, ती वस्तुस्थिती होते. :)

पहिला प्रश्न, घरच्या गाड्या आधी का? उत्तर सोपं आहे. त्यांच्यावर माणसं अवलंबून आहेत. शहरात स्कूटर बंद पडली तर रिक्षा मिळते, ॲपवर गाडी येते. गावात सकाळी स्प्लेंडर सुरू झाली नाही तर पेणचं काम बुडतं, दवाखाना चुकतो, एसटीची वाट बघत दिवस जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर घरच्या गाड्या म्हणजे प्रॉडक्शन आणि ट्रक म्हणजे साइड प्रोजेक्ट. प्रॉडक्शन पडलं असताना साइड प्रोजेक्टमध्ये रमणाऱ्याला कुठलाही टीम लीड शाबासकी देत नाही, मग आईनं का द्यावी?

पण इथेच खरी मेख आहे. "आधी घरच्या गाड्या" हा नियम जसाच्या तसा पाळला तर ट्रकची पाळी कधीच येत नाही. चार गाड्या असलेल्या घरात दर आठवड्याला काही ना काही निघतंच. क्लच केबल, पंक्चर, हॉर्न, इंडिकेटर. तातडीचं काम महत्त्वाच्या कामाला नेहमीच खातं, हे आपण हापिसात रोज बघतो. बॅकलॉगच्या तळाशी ती "नंतर करू" वाली टिकिटं असतात ना, वर्षानुवर्षं? ट्रक हे तसलंच टिकिट आहे. फरक एवढाच की टिकिटाला गंज चढत नाही.

म्हणून मी म्हणतो, मापं वेगळी करा.

स्प्लेंडरचा प्लग काढून साफ करायला दहा मिनिटं. चेन ताणून तेल द्यायला वीस. चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनातला आणि सायलेन्सरमधला काजळीचा थर काढायला फार तर एक सकाळ. ही कामं शनिवारी चहा आणि जेवण यांच्या मधे बसतात. मधेच कुणी हाक मारली तर पाना खाली ठेवून उठता येतं, परत येऊन तिथूनच पुढे सुरू करता येतं.

ट्रकचं तसं नाही. एक चाक उतरवायचं तर आधी नट. ते नट वर्षानुवर्षं हललेले नसतात. आदल्या रात्री डिझेल टाकून ठेवायचं, सकाळी लांब पाइप घालून दोघांनी लोंबकळायचं. मग जॅक, मग खाली लाकडी ठोकळे, कारण जॅकच्या भरवशावर ट्रकखाली कधीही जायचं नसतं. स्कूटर स्टँडवरून पडली तर पाय दुखावतो. ट्रक जॅकवरून पडला तर बातमी होते. जुन्या ट्रकच्या चाकाला टायर धरून ठेवणारी लोखंडी कडी असते. ती नीट बसली नसेल आणि हवा भरली, तर ती कडी तोफगोळ्यासारखी सुटते. त्या हवेचं काम घरी करायचंच नाही. पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडे चाक न्यायचं आणि त्यालाच करू द्यायचं. डिझेलच्या लाइनमधली हवा काढायची तर टाकीपासून पंपापर्यंत, पंपापासून इंजेक्टरपर्यंत क्रमानं जावं लागतं. मधे उठलात तर पुन्हा पहिल्यापासून. अशा कामात "अरे, जरा स्कूटीचं बघ ना" हे वाक्य नुसतं त्रासाचं नाही, धोक्याचं आहे.

म्हणून तत्त्व असं: स्कूटीला तास द्यावा, ट्रकला पूर्ण दिवस द्यावा, आणि ट्रकच्या दिवशी दुसरं काहीही हातात घेऊ नये. सतरापैकी आठच दिवस ट्रकला मिळाले तरी चालतील. पण ते आठ दिवस आखलेले, घरात आधी सांगितलेले आणि सोबत एक माणूस असलेले हवेत.

मग त्या दिवशी घरची गाडी बंद पडली तर? यावर माझं उत्तर बऱ्याच हौशी मेकॅनिक मंडळींना आवडणार नाही. गॅरेजला द्या. आपण शिकलेली मंडळी घरी दुरुस्ती करण्याचं जरा अतीच कौतुक करतो. सगळं आपल्याच हातून व्हावं हा अट्टहास दिसायला स्वावलंबन असतो, पण त्यात घरातल्या चार माणसांना आपण एका माणसावर टांगून ठेवतो. तो माणूस सोमवार ते शुक्रवार गावात नसतो! आपल्या धंद्यात ज्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात, ते आपण अंगणात प्रेमानं उभं करतो. शिवाय नाक्यावरचा गॅरेजवाला दिवसाला ज्या गाड्या उघडतो, तेवढ्या आपण वर्षात उघडत नाही. स्प्लेंडरचे व्हॉल्व्ह तो कानानं लावतो. त्याला काम दिलं तर तो टिकेल, आणि तो टिकला तर आपल्या गैरहजेरीत घर चालेल.

दुसरा उपाय, शिकवणे. प्लग काढणे, फिल्टर झटकणे, हवा तपासणे, ब्रेक केबल ताणणे या गोष्टींना डिग्री लागत नाही. घरातल्या प्रत्येकाला आपल्या गाडीचं एवढं यायला हवं, आणि यात आई-बहिणींना वगळायचं काहीच कारण नाही. खरं तर गाडीचा बदललेला आवाज रोज चालवणाऱ्यालाच आधी कळतो.

तिसरा उपाय, वेळापत्रक. बिघाड आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड सांगून येत नाही, देखभालीला तारीख देता येते. आमच्याकडे तारखा ठरलेल्या: मे अखेर पावसाआधी ब्रेक, टायर, वायपर आणि वायरिंग, गणपतीच्या आधी काकांचा टेम्पो, दिवाळीनंतर ऑइल आणि कागदपत्रं. कागदपत्रं हे आता स्वतंत्र प्रकरणच आहे. विमा, पीयूसी, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर, शिवाय २०२५ भर ज्याच्या मुदती वाढत राहिल्या ती नवी नंबरप्लेट. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर त्याचा विचार करून बनवलेले नव्हते. त्यामुळे चेतकसारखी कमी चालणारी गाडी पावसाळ्यात उभी ठेवायची तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करणं हेही यादीत आलं. एवढं तारखेनुसार केलं की आयत्या वेळचे बिघाड बरेच कमी होतात. पूर्ण थांबत नाहीत, पण ट्रकचे आठ दिवस वाचतात.

इथवर व्यवस्थापन झालं. आता अवघड प्रश्न, जो काकांनी विचारला आणि ज्याला माझ्याकडे बरेच दिवस धड उत्तर नव्हतं: "पण हा ट्रक उभा करून तू करणार काय?"

प्रश्न योग्य आहे, कारण कायद्याच्या दृष्टीनं या ट्रकला भविष्यच नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल एवढ्यापुरती बाहेर काढायची. नियम चांगला आहे. पण तो दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना लागू आहे. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. म्हणजे एखाद्या संस्थानिकाची मोटार वारसा, आणि त्या संस्थानातलं धान्य वाहणारा ट्रक भंगार!

आणि 'मूळ रूप' म्हणजे तरी काय? मोटार कारखान्यातून पूर्ण बनून यायची. आपल्याकडचा ट्रक यायचा तो चासी, इंजिन आणि समोरचा दर्शनी पत्रा एवढाच. केबिन आणि हौदा इथल्या सुतारांनी, लोहारांनी आणि पेंटरांनी बनवायचा. सागाची चौकट, वर पत्रा, दारावर कमळ, मागे सुविचार. त्यामुळे मालक बदलला, हौदा कुजला, की नवा बांधायचा. या ट्रकचं मूळ रूप एकाच वेळी जर्मनीत, जमशेदपूरला आणि पेणच्या आसपासच्या कुठल्याशा सुताराच्या हातात आहे. मोटारीसाठी लिहिलेली व्याख्या त्याला पुरत नाही, हे मान्य करून ट्रक-बससाठी वेगळी व्याख्या लिहायला हवी. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' किमान ३० वर्षं जुन्या वाहनाला ऐतिहासिक म्हणते आणि त्यात कामाच्या गाड्याही धरते. ब्रिटनमध्ये १९५८ पासून फक्त व्यावसायिक वाहनांसाठी वेगळी सोसायटी आहे. तिथले जुने ट्रक आणि बस लंडनहून ब्रायटनला रॅलीनं जातात, आणि कुणी त्यांना खटारा म्हणत नाही.

आपल्याला ओढ नाही असं नाही. १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर धावली तेव्हा लोक हार घेऊन डेपोत गेले होते. फक्त ट्रकसाठी कुणी हार आणत नाही, कारण ट्रकमध्ये आपण कधी बसलो नाही. त्यात बसले ते ड्रायव्हर, क्लीनर आणि हमाल. त्यांच्या आठवणी छापून येत नाहीत.

माझं काकांना उत्तर हेच आहे. ट्रकपेक्षा त्याच्याबरोबर जाणारी माणसं मला जास्त घाईची वाटतात. हा ट्रक चालवलेले एक आजोबा शेजारच्या गावात आहेत, आता ऐंशीच्या पुढे. डबल क्लच मारून गिअर कसा पाडायचा, खोपोलीहून बोरघाट चढताना पाणी कुठे घालायचं, उतरताना कुठल्या गिअरला गाडी बांधून ठेवायची, हे त्यांच्या पायाला आणि हाताला माहीत आहे. तोंडानं विचारलं तर दोन वाक्यांत संपवतात. ट्रकच्या नाकाशी उभं केलं की दोन तास बोलतात. इंजिनाचं लोखंड आणखी दहा वर्षं थांबेल. हे ज्ञान थांबणार नाही. भंगारवाला किलोवर भाव देतो, त्यात हे वजन धरलेलं नसतं.

म्हणून उद्दिष्टही छोटं ठेवलंय. ट्रक रस्त्यावर आणायचा नाही, चकचकीत करायचा नाही, लग्नाच्या फोटोंना भाड्यानं द्यायचा नाही. इंजिन स्वतःच्या ताकदीनं सुरू व्हावं, ब्रेक धरावेत आणि अंगणात दहा फूट पुढे, दहा फूट मागे जावा. आपल्या खासगी जागेत एवढं करायला नोंदणीही आड येत नाही. हौद्याचं लाकूड बदलायचं ते गावच्या सुताराकडून, आणि त्याचं मोजमाप, फोटो, सांधे सगळं नोंदवून. मर्सिडीज घराण्याचा असल्यामुळे नट-बोल्ट मिलिमीटरचे आहेत, म्हणजे स्प्लेंडरचे लहान पाने इथेही चालतात. (त्यामुळे दहा नंबरचा पाना दोन्हीकडे हरवतो, हा भाग वेगळा.) उद्दिष्ट छोटं असलं की पैसाही आटोक्यात राहतो आणि घरच्यांना शेवट दिसतो. कधीच न संपणाऱ्या प्रोजेक्टला कुठलंच घर पाठिंबा देत नाही, आणि का द्यावा?

गागोदे म्हटलं की विनोबा आलेच. ११ सप्टेंबर १८९५ ला ते इथेच जन्मले. १९५१ पासून तेरा वर्षं देशभर पायी हिंडलेल्या माणसाच्या गावात मी डिझेल इंजिनावर निबंध लिहितोय याची मला कल्पना आहे. :) पण विनोबा सरसकट यंत्रविरोधी नव्हते. त्यांनी यंत्रांची वर्गवारी केली होती: वेळ वाचवणारी, संहार करणारी आणि उत्पादन करणारी. उत्पादन करणाऱ्यांतही माणसाच्या श्रमाला पूरक कोणती आणि मारक कोणती, हे ते वेगळं काढत. काळ आणि जागा बदलली की पूरक यंत्र मारक होऊ शकतं, हा त्यातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग.

हीच कसोटी छंदाला लावून बघा. ज्या प्रोजेक्टसाठी आईला भर पावसात ब्रेक न लागणारी गाडी चालवावी लागते, तो मारक. ज्याच्यामुळे घरातली माणसं पाना धरायला शिकतात, गॅरेजवाल्याला आणि सुताराला काम मिळतं, एका म्हाताऱ्या ड्रायव्हरचं ऐकायला चार पोरं जमतात, तो पूरक. ट्रक तोच असतो. फरक पडतो तो तुम्ही त्याला कोणाचा वेळ देता यानं.

तेव्हा ज्यांच्या अंगणात, पार्किंगमध्ये किंवा गावच्या गोठ्यात असं काही उभं असेल, त्यांना एवढंच सांगणं. आधी रोजच्या गाड्यांच्या तारखा ठरवा, मग जुन्या गाडीचे दिवस मोजा. पाचच निघाले तर पाच. पण ते घरात जाहीर करा, आणि त्या गाडीवर काम केलेला कुणी हयात असेल तर पहिला दिवस पान्यांना हात न लावता त्या माणसाबरोबर घालवा. गंज काढायला केमिकल मिळतं, त्या माणसाची आठवण गेली की परत मिळत नाही.

असो. या वर्षीचे आठ दिवस ठरलेत, पहिला डिझेल पंपाचा. आणि हो, त्याच्या आदल्या शनिवारी स्कूटीचे ब्रेक शू बदलायचेत. ते आधी.